डोळ्यांना न झोंबणारं कपाट

एका जंगलात, मुलांनो, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आल्याखेरीज घरातलं सामान नवं मानत नसत.

कारण साधं होतं. निदान मला तरी साधं वाटतं. सुतारपक्षी लाकडाचा भुसा दाबून बोर्ड करायचा आणि त्यात शहरातला डिंक घालायचा. त्याचा दर्प डोळ्यांना झोंबायचा. वास्तुशांतीला सगळे घळाघळा रडायचे आणि म्हणायचे, "वा! काय ऐपत आहे!"

साळूबाई साळिंदरीनं असंच कपाट घेतलं. तेव्हापासून तिचं पिल्लू खोकू लागलं. खोकलं की त्याचे काटे उभे राहत, मग त्याला कुशीत घेता येत नसे.

"हे परत ने," ती सुतारपक्ष्याला म्हणाली.

"अहो ताई, नव्याचा वास आहे तो. जाईल हळूहळू."

"तोवर माझं लेकरू जाईल!"

शेजारची चिचुंद्रीमावशी फार शिकलेली होती. तिनं चिंचोके दळून, शिजवून खळ केली. त्या खळीचा पहिला बोर्ड ओल लागताच सुटला. दुसऱ्याला बुरशी आली. तिसऱ्यावर अस्वल बसलं. मोडला नाही, म्हणून हट्टानं पुन्हा बसलं. तरी नाही.

त्या बोर्डाचं कपाट आलं. खोकला थांबला. पिल्लू आईच्या कुशीत शिरलं. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण वास्तुशांतीला घोरपडकाकूंनी कपाटात डोकं घातलं. हुंगलं. डोळे कोरडेच.

"काय गं साळू, जुनं उचललंस का?"

"नाही हो काकू, कोरं आहे. चिंचोक्याच्या खळीचं."

"खळीचं? मग याचा पतंगच करायचास!"

सगळे हसले. सुतारपक्षी हळूच म्हणाला, "उद्या ते आधीचं, झोंबणारं कपाट आणून लावू का, ताई? अब्रू राहील."

साळूबाईनं पिल्लाकडे पाहिलं. त्याला मावशीबरोबर बाहेर पाठवलं. मग ती कपाटामागे गेली आणि टोपलीभर कांदे चिरू लागली.

थोड्याच वेळात घोरपडकाकू हुंदके देऊ लागल्या. "अगं बाई, हे तर कोल्हीणबाईंच्या कपाटाहून नवं!"

दुसऱ्या दिवशी चिचुंद्रीमावशीच्या दारी रांग लागली. शहरातला डिंक डब्यातच वाळला. आता जंगलात कुणाचं पिल्लू खोकत नाही. मावशी मात्र घरोघरी कपाटामागे बसून कांदे चिरते.

"माझा अभ्यास खळीचा होता हो," असं म्हणत ती डोळे पुसते.

तात्पर्य : खऱ्या गुणाला दिखाव्याची मुळीच गरज नसते. फक्त कांदे ताजे हवेत.