लोकसंख्या विरळ होण्याची शक्यता

सकाळी सातचा हवामानाचा अंदाज भोंग्यावर वाचून झाला, त्याने बटण बंद केलं, पोटभर जांभई दिली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण नेमकं काय वाचलं.

टेबलावर दोन कागद होते. एक हवामानाचा. दुसरा, अर्ध्या पानाचा, गावाच्या माहितीचा. तो तपासणीला येणाऱ्या साहेबांनी मागवला होता. या गावात धुकं खिडकीतून न विचारता आत यायचं आणि फायलींवर मांडी घालून बसायचं. त्या दमट हवेत अर्धा कागद पुऱ्या कागदावरच्या 'दाट धुके' या शब्दांवर चिकटला होता, आणि यानं अर्धवट झोपेत वरपासून खालपर्यंत एका दमात वाचून टाकलं होतं:

"डोंगराच्या कुशीत वसलेलं छोटं गाव. घरे एकाहत्तर, विहिरी चार, शाळा एक. लोकसंख्या तीनशे सात. दुपारनंतर विरळ होत जाईल. सूर्यास्तापूर्वी पूर्णपणे विरून जाण्याची शक्यता. नागरिकांनी घाबरू नये."

गाव त्याला 'अंदाजे' म्हणायचं. यंदा अंदाजेचे दोन अंदाज चुकले होते. तिसरा चुकला की गावातल्या हवामान केंद्राला टाळं, आणि त्याची बदली जिल्ह्याच्या तळघरातल्या दप्तरखान्यात, जिथे हवामानच नसतं. दुरुस्ती जाहीर करावी, तर नियमाप्रमाणे दुरुस्ती म्हणजेच चूक. आणि साहेब आजच येणार, हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. "काय रे, मी दुपारपासून थोडी थोडी विरू, की संध्याकाळी एकदम?"

"आत्या, अगं चूक झालीय!"

"चूक म्हणू नकोस. तोंडातून शब्द काढू नकोस," आत्या म्हणाली आणि कप ठेवून निघून गेली.

दुपारी तो रस्त्यावर आला तेव्हा न्हावी दुकानाला कुलूप लावत होता.

"काका, कुठे निघालात?"

"विरळ व्हायला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर होतं, म्हटलं, उरलेली वर करू."

शाळामास्तर पोरांची रांग घेऊन चालले होते. "वरच्या वर्गापासून सुरुवात केलीय," ते म्हणाले. "बालवाडी शेवटी. ती आपोआप पांगते."

"मास्तर, तुम्ही तरी समजून घ्या!"

"समजलंय म्हणून तर निघालोय. ए, रांग सोडू नका!"

माणसं चढावर जात होती, आणि दहा पावलांवर धुकं त्यांना अलगद आत घेत होतं. आधी चपला दिसेनाशा व्हायच्या, मग पाठी, मग फक्त खोकला उरायचा. चारपर्यंत गावात इतकी शांतता झाली की विहिरीत गळणारं पाणी ऐकू येऊ लागलं. अंदाजेला वाटलं, आपण जागेच झालेलो नाही. सात अजून वाजायचेत.

शेवटी त्यानं मनाशी ठरवलं: तळघर तर तळघर, पण खरं सांगून टाकायचं. धावत कचेरीत आला, तर साहेब खुर्चीत बसून नोंदवही वाचत होते.

"लोकसंख्या?"

"तीनशे सात, साहेब."

"आत्ता?"

"आत्ता... दोन."

"मला धरू नका. मी दौऱ्यावर आहे."

"मग एक. पण साहेब, ते कागद चिकटले होते, त्यामुळे—"

"चिकटलेले कागद वेगळ्या विभागाकडे." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अंदाजात 'पूर्णपणे' लिहिलंय. तुम्ही अजून इथे काय करताय?"

अंदाजे निघाला. चढ चढता चढता त्याचं डोकं एकदम धुक्याबाहेर आलं, आणि मागोमाग बाकीचा तोही.

वर ऊन होतं. सगळं गाव माळावर पसरलं होतं. न्हावी उरलेली दाढी करत होता, पोरं लोळत होती. खाली दुधासारखं पांढरं तळं, आणि त्यात कुठेतरी एकाहत्तर घरं.

"आलास? बस," आत्या सरकली. "आम्हाला काय वेड लागलंय, माणसं विरायला? पण तुला तळघरात घातलं तर रोज सकाळी आमच्या कानाशी कोण कोकलेल?"

अंदाजे तिच्या शेजारी बसला. तो काही बोलणार, तोच खालून भोंगा खरखरला. धुक्यातून साहेबांचा आवाज आला, एकटा, जरा घाबरलेला:

"हॅलो... गावात कोणी आहे का?"

मास्तरांनी हात वर केला, आणि तीनशे सात माणसं एका सुरात ओरडली:

"नाही!"

भोंग्यातून नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"बरं," साहेब म्हणाले. "अंदाज बरोबर."