दोन डेटाबेसांनी दसऱ्याचा मान वाटला त्याची हकीकत

श्री इष्टदेवतेचे स्मरण करून आणि नोंदी राखणारांस वंदन करून हकीकत लिहिली जाते ऐसी जे: राज्य खऱ्या नोंदीवर चालते, परंतु दोन खरे समोरासमोर ठाकले असता राजाने कोणाचा हात धरावा, हा धर्मप्रश्न शस्त्राने सुटत नाही आणि शास्त्रानेही सावकाशच सुटतो.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मास. त्या राज्याचे दफ्तरदार उद्धवपंत. त्यांचे हाताखाली संगणकखाना, आणि त्यात महाराजांचे आजोबांचे वेळचा थोरला डेटाबेस नांदत होता. त्याची रीत ऐसी जे, एका खणात एक नोंद न ठेविता अनेक ठेवाव्या. पहिल्या खणात मानकऱ्यांची नावे ओळीने, दुसऱ्या खणात त्यांचे मान त्याच ओळीने, आणि पहिल्यास पहिला, दुसऱ्यास दुसरा ऐसे जुळवून वाटावे. मग परमुलुखाहून चिन्मयराव वकील नवा डेटाबेस घेऊन आले आणि विनविले की, "महाराज, यात खण नाहीत, ओळ नाही. जैसा मनुष्य तैसी नोंद, आणि तिच्या प्रती सर्व डेऱ्यांतील संगणकांत. एक डेरा जळाला तरी दुसरा बोलेल." महाराज संतोषले आणि आज्ञा केली की, दसऱ्यास दोहोंतून एक निवडावा. पंतांस घोर पडला. कारण की पहिला विडा सुभानराव काकड्यांचा की हैबतराव धुमाळांचा, यावरून दोन्ही सरदार तलवारीस हात घालून बसलेले, आणि पंतांची लेक काकड्यांची सून, बहीण धुमाळांची पत्नी. बहिणीने निरोप धाडिला, "दादा, घोटाळा केलास तर भाऊबीजेस ओवाळू कोणाला? तुझ्या संगणकाला?"

गतवर्षी पहिला विडा धुमाळांस होता. यंदा महाराजांनी काकड्यांस ठरविला. नवमीस नव्याची परीक्षा जाहली. पूर्वेच्या डेऱ्याने काकड्यांस पहिला विडा दिला, आणि पश्चिमेच्या डेऱ्यास बदलाची खबर पोचलीच नव्हती, त्याने तोच धुमाळांस दिला. मग दोघे सरदार विडा तोंडात असतानाच एकमेकांवर धावले, आणि शिव्या कोणास समजल्या नाहीत इतकेच बरे जाहले. पंत बोलिले, "वकील, हे काय?"

"पंत, कालांतराने सर्व डेऱ्यांचे एकमत होते."

"कालांतराने म्हणजे केव्हा?"

"ते नेमके सांगवत नाही. परंतु होते!"

"तोवर आमचे व्याही आणि मेहुणे, यांतले कोण उरेल?"

मग दशमीस थोरल्याची पाळी आली. दात नसलेले एक वृद्ध मानकरी श्रावणात निवर्तले होते. वयोमानाने सर्वांआधी त्यांस खलात कुटलेला विडा मिळे. पंतांनी त्यांचे नाव पहिल्या खणातून काढिले आणि दुसऱ्या खणातून मान काढावयाचा राहिला. मग नावे एकेक पायरी वर सरकली आणि मान जागचे जागी राहिले. काकड्यांस कुटलेला विडा आला, धुमाळांस काकड्यांचा पहिला विडा आला, धुमाळांची शालजोडी मानाच्या हत्तीच्या पाठीवर पडली, आणि हत्तीची उसाची मोळी राजश्वशुरांचे मांडीवर ठेविली गेली. श्वशुर बोलिले, "जावईबापू, निदान सोलून तरी द्या!" सभा हसो लागली, हत्तीने शालीचा पदर चाखिला, आणि काकडे म्हणाले, "कुटलेला का होईना, सर्वांआधी आम्हास." धुमाळ म्हणाले, "आणि अख्खा आम्हास." तलवारी म्यानातच राहिल्या.

पंत अधोवदन उभे. महाराज बोलिले, "पंत, मान वर करा. नव्याने दोन खरे सांगितले, त्याची लढाई होत होती. थोरल्याने चूक केली, परंतु सगळ्या दरबारास मिळून एकच केली. चूक एकच असली म्हणजे हुकूम काढून तिची रीत करता येते. थोरलाच राहो." आणि हुकूम निघाला. वकिलांस वस्त्रे दिली, आणि नव्या डेटाबेसाकडे दरबारी कवींची कवने सोपविली, कारण की तेथे दोन डेऱ्यांत दोन पाठ निघाले तरी कोणी विचारावयास येत नाही.

ऐसी हकीकत जाहली, तैसी लिहिली. थोरला राहिला, नव्यास काम लागले, आणि दोन घरांचे वैर त्या वर्षापुरते तरी निवाले. त्या दोन्ही घरी सुख नांदो, वकिलांस वाट सुखाची होवो, आणि नोंदी राखता राखता ज्यांचे डोळे शिणले, त्यांस निवांत झोप लागो.