माझा हिरवागार नकाशा आणि दुपारचा भोंगा

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या कंपनीत एखादं यंत्र बंद पडलं तर त्याच्यामागे अजून काय काय झोपणार, हे मी खुर्चीतून न उठता सांगू शकतो. म्हणजे शकत होतो. मागच्या बुधवारपर्यंत.

कंपनी कासारवाडीतली, जुनी, गाड्यांचे गिअर बनवणारी. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. मी आयटीत. कंपनीत जेवढे सर्व्हर, कॉम्प्युटर, प्रिंटर आहेत त्या सगळ्यांची नोंद माझ्याकडे असते, आणि कोण कोणावर अवलंबून आहे ते दाखवणाऱ्या रेघाही. पगाराचा प्रोग्राम या सर्व्हरवर, तो सर्व्हर त्या नेटवर्कच्या स्विचवर, असं. स्क्रीनवर त्याचा मोठा नकाशा दिसतो. जे बरोबर ते हिरवं, जे जुनं, अर्धवट, चुकीचं ते लाल. आमची आम्रपाली म्हणते, "घरातली गॅसची नळी कधी बदलली ते आठवत नाही, आणि जगाच्या रेघा ओढतोय." बायकोच्या अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

तर गुरुवारी या नोंदींचं ऑडिट होतं. आमच्या हेड तनुजा मॅडमनी बजावलं होतं, "प्रितम, ऑडिटरला सगळं हिरवं दिसलं पाहिजे. शंभर टक्के."

"मॅडम, लाल शोधून सापडणार नाही."

सापडलं. एकच, पण सापडलं. टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीतला एक जुनाट कॉम्प्युटर. त्याला एकही रेघ नाही, त्याच्यावर कोणी अवलंबून नाही, मालकाचा रकाना रिकामा. अशा नोंदीला आमच्यात अनाथ म्हणतात. नियम असा, की सगळ्या डिपार्टमेंटला मेल टाकून विचारायचं, बाबांनो, हा कोणाचा? कोणी बोललं नाही तर नोंद काढून टाकायची आणि मशीन बंद. मी मेल टाकला होता. कोणी बोललं नाही. आमच्याकडे मेल वाचले जातात ते फक्त पेढे ठेवल्याचे. बुधवारी जेवण झाल्यावर मी जागेवरूनच तो कॉम्प्युटर बंद केला, नोंद उडवली, आणि नकाशा असा हिरवागार झाला की मी त्याचा फोटो काढून मोबाईलच्या स्क्रीनवर लावला.

आता जरा घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील अण्णासाहेब याच कंपनीतून रिटायर झाले. घर कंपनीच्या मागच्याच गल्लीत. वर्षभरापासून अण्णांना विसरायला होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, कधी कधी माझं नावही अडतं. डॉक्टरांनी एकच सांगितलं, यांचा दिवस बदलू नका. म्हणून दिवस ठरलेला आहे. जेवण झालं की अण्णा कासारवाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसतात. सोबतीला त्यांचा जुना दोस्त कोंडाजी. दुपारी कंपनीचा भोंगा झाला की अण्णा उठतात, "सुटली शिफ्ट" म्हणतात आणि सरळ घरी येतात. भोंगा ऐकून आई चहा ठेवते. अण्णा उंबऱ्यात आणि चहाला उकळी, असं दोघांचं जमलेलं. तरी मला धाकधूक असायची, म्हणून मी अण्णांना एक घड्याळ घेऊन दिलं होतं. ते घालणारा कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसतं.

तर बुधवारी दुपारी आईचा फोन आला.

"प्रितम, आज भोंगा का नाही झाला रे?"

"होईल गं."

"वेळ कधीच होऊन गेली. आणि अण्णा आले नाहीत."

मी ऐटीत फोन बघितला. "आई, काळजी करू नकोस. अण्णा स्टेशनवर बाकावर बसलेत. मला इथे दिसतंय."

"दिसतंय ना, मग ठीक आहे," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजातला विश्वास ऐकून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते कौतुक संपतंय तोवर खालून गलका ऐकू आला.

खिडकीतून बघतो तर पहिली पाळी गेटच्या आत उभी आणि दुसरी बाहेर. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, हातात घड्याळ, पण भोंग्याशिवाय सुटायची सवय एकालाही नाही. युनियनचा ज्योतीराम गेटवर चढून विचारत होता, "न विचारता ओव्हरटाइम लावलाय का राव? सांगा ना स्पष्ट." गेटबाहेरच्या विमलबाई भोंगा झाला की वड्याची कढई चढवतात. त्यांची कढई गार, आणि दोन पाळ्यांची पोटं रिकामी. तेवढ्यात टाइम ऑफिसचा ज्ञानेश धापा टाकत वर आला.

"भावा, भोंग्याचा कॉम्प्युटर बंद पडलाय. मागच्या खोलीतला."

"तो भोंग्याचा आहे?"

"मग काय शोभेचा आहे? गणपतीची गाणीपण त्याच्यावरच लावतो आम्ही."

"मेलला उत्तर का नाही दिलंस?"

"कुठला मेल?"

भांडायला वेळ नव्हता. मला भोंगा दिसत नव्हता, कढई दिसत नव्हती, फक्त बाकावर वाट बघत बसलेले अण्णा दिसत होते. मी मागच्या दाराने स्टेशनकडे पळालो. माझं पळणं म्हणजे गॅस सिलेंडर जिन्यावरून उतरवल्यासारखं असतं, पण पळालो.

बाकावर कोंडाजी एकटाच शेंगा खात बसला होता. मनगटावर मी घेतलेलं घड्याळ.

"कोंडाजीकाका, हे तुमच्याकडे कसं?"

"अण्णानं दिलं की. कवाच दिलं. म्हनला, मला कशाला घड्याळ, मला कंपनी हाय."

म्हणजे इतके दिवस मी फोनवर अण्णा म्हणून कोंडाजी बघत होतो. रोज दुपारी निर्धास्त काम करत होतो, कोंडाजीवर नजर ठेवून.

"आणि अण्णा कुठायत?"

"भोंगा न्हाई झाला म्हनून उठला की. म्हनला, कंपनीत कायतरी घोटाळा हाय, बघून येतो. मी म्हनलं बस गड्या, पर ऐकतोय व्हय?"

समोर रूळ, पलीकडे हायवे. मला रडू यायला लागलं, खोटं कशाला बोलू. पळत परत आलो, या वेळी पुढच्या रस्त्याने, प्रत्येक पांढऱ्या टोपीखाली अण्णांना शोधत.

अण्णा गेटवर होते. दुसऱ्या पाळीच्या रांगेत, विमलबाईंच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ऐसपैस बसलेले. ज्योतीराम त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होता.

"अण्णा, चला घरी." मी त्यांचा हात धरला.

"शिफ्ट सुटल्याशिवाय?"

"सुटली, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखीचं पण नक्की नाही असं. "साहेब, भोंगा झालेला नाही."

पोटचा पोरगा मी, आणि मला साहेब. वर गेलो, तो कॉम्प्युटर चालू करतो म्हणून सांगितलं. तनुजा मॅडम म्हणाल्या, "असं थेट चालू करू नकोस, उद्या ऑडिट आहे. रीतसर रिक्वेस्ट टाक, मी लगेच मंजूर करते." टाकली. सिस्टिमने सांगितलं, असं कोणतंही मशीन कंपनीत नाही. मीच तर उडवलं होतं. मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं, खिडकीतून खाली खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "जा, बटण दाब."

त्या खोलीत जाऊन मी बोटाने बटण दाबलं. तो म्हातारा कॉम्प्युटर खोकला, घुरघुरला, बराच वेळ विचार करत बसला. आणि मग राहून गेलेला भोंगा झाला.

गेटवर दोन्ही पाळ्या एकदम हलल्या. विमलबाईंनी कढई चढवली. अण्णा खुर्चीतून उठले, विजार झटकली आणि गेटवर आलेल्या मला बघून म्हणाले, "सुटली शिफ्ट. चल रे प्रितम, आई चहा ठेवेल."

मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. ते म्हणाले, "बोनस झाला का काय?"

घरी पोचलो तर चहाला उकळी येत होती. आईने विचारलं, "एवढा उशीर? तुझ्या फोनमध्ये तर दिसत होते."

"फोनमध्ये कोंडाजी होता," मी म्हणालो. आईने तिसरा कप काढला.

गुरुवारी सकाळी लवकर जाऊन मी ती नोंद परत केली आणि रेघा ओढायला बसलो. कॉम्प्युटरवर भोंगा. भोंग्यावर दोन पाळ्या, विमलबाईंची कढई, सरूबाईंचा चहा. सरूबाई म्हणजे माझी आई. आणि चहाशेजारी, अण्णासाहेब. त्यांच्या मालकाच्या रकान्यात लिहिलं, सरूबाई.

तनुजा मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"हे काय आहे प्रितम?"

"नकाशा बरोबर करतोय मॅडम."

त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "बाकी सगळं हिरवं आहे. एवढं अण्णासाहेब का लाल?"

"सिस्टिम विचारतेय, हे बंद पडलं तर याच्या जागी दुसरं काय. तो रकाना रिकामा आहे."

"मग काहीतरी भर ना. एका ठिपक्यासाठी शंभर टक्के जातील."

"काय भरू मॅडम? एकच पीस आहे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "मग राहू दे लाल," त्या म्हणाल्या.

ऑडिटरने शंभर टक्के दिले नाहीत. शेवटी शेरा मारला, 'एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट, पर्याय उपलब्ध नाही.' इतक्या वर्षांत ऑडिटरचं आणि माझं पहिल्यांदाच एकमत झालं.