भाकनवीसांस पालखी आली नाहीं त्या सामन्याची हकीकत

श्रीमैदानदेवी प्रसन्न असो. शके अठराशें बावन्न, प्रमोदनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका राज्यांत फुटबॉलचा खेळ बहुत मातला होता, त्याचें वर्तमान ऐकिलें तैसें लिहिलें. त्या राज्यांत थोरली पेठ आणि धाकटी पेठ ऐशा दोन पेठा, आणि सामना म्हटला कीं हुजुरांपासोन हमालापर्यंत सर्वांच्या पैजा, कोणाची पगडी, कोणाचें बोकड, आणि एकूण गोल किती होतील तें आधीं सांगावयास दरबारीं म्हाळोजी भाकनवीस नेमिले होते. त्यांनीं आकडा सांगावा आणि तितकेच गोल व्हावे, ऐसें वर्षानुवर्षें चाललें. आकडा भरला कीं नगारा वाजे, आणि मग भाकनवीसांस पालखींत घालोन शेला द्यावयास राजवाड्यांत नेत, म्हणोन सामन्याचा शेवट कैसा असतो तो त्यांनीं जन्मांत पाहिला नव्हता. पैजेचा बाजार मात्र पार बसला, कीं त्यांच्या आकड्यास कोणी भाव देईना, आणि बाकीच्या आकड्यांस एकास शंभर देऊं केले तरी कोणी घेईना.

ऐसें असतां दसऱ्याचे सामन्यास त्यांनीं तीन गोल सांगितले, आणि तिसरा जाहाला, आणि नगारा वाजला, परंतु पालखीचा दांडा मोडला, मग भाकनवीस तेथेंच बसोन राहिले आणि पाहतात तों धाकटे पेठेचा गोलकीपर सिदू शिंगरे खांबास टेकून शेंगा खातो आहे, आणि थोरले पेठेचा गडी मोकळ्या गोलापुढें येऊन चेंडू हळूच त्याच्याच हातीं देतो आहे. सामना सरल्यावर म्हाळोजींनीं पुसिलें, "सिदू, हें काय रे?" सिदू बोलला, "बाबा, तुमी तीन म्हनलासा, तीन झालं. चवथा झाला तर तुमचा शबुद खोटा पडंल की. समद्यास्नी ठावं हाय."

तेव्हांपासोन म्हाळोजींस अन्न गोड लागेना. लाज वाटली, परंतु कुतूहल लाजेहून मोठें, कीं इतकीं वर्षें आपणांस खरेंच पुढचें कळत होतें, किंवा लोक नुसता आपला मान राखीत होते? मग मार्गशीर्षांत मोठा सामना नेमिला आणि हुजुरांनीं आकडा विचारिला. म्हाळोजींच्या मनांत दोन आला होता. तो त्यांनीं बायकोसही सांगितला नाहीं. हात जोडोन बोलिले, "महाराज, ठाऊक नाहीं." हुजूर म्हणाले, "मग पालखी तरी कशास हवी?" आणि भाकनवीशी गेली. इकडे बाजार उसळला. दोन गोलांस एकास तीन, पांचांस एकास नऊ, चेंडू विहिरींत पडल्यास एकास चाळीस, आणि ज्यांस भाव म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें त्यांनींही कोंबडीं लाविलीं.

म्हाळोजी पायीं चालत मैदानावर गेले आणि सिदूच्या गोलामागें बसले. सिदूनें पुसिलें, "बाबा, कितीवर थांबायचं?" ते म्हणाले, "ठाऊक नाहीं." सिदूचा चेहरा उतरला, मग त्यानें कनवटीच्या शेंगा टाकोन दिल्या. थोरले पेठेनें एक गोल केला, मग धाकटीनें फेडला, आणि दोन जाहाले. म्हाळोजींचा ऊर भरोन आला, आणि जुन्या सवयीनें ते उठले, पगडी सारखी केली आणि पालखीची वाट पाहूं लागले. नगारा वाजला नाहीं. कोणीच थांबलें नाहीं. मागोन लोक ओरडले, "आवं खाली बसा की, दिसंना!" इतक्यांत थोरले पेठेच्या गड्यानें चेंडू हाणला, आणि सिदू आडवा झेंपावला, बोटें लागलीं, तरी चेंडू जाळ्यांत शिरला. सिदू धुळींत पालथा पडोन राहिला, मग मान वळवून म्हणाला, "बाबा, ह्यो तुमच्या मनात हुता का?"

"नव्हता रे," म्हाळोजी म्हणाले, आणि खालीं बसले. डोळ्यांस पाणी आलें होतें आणि हंसूंही आवरेना.

तात्पर्य, भाकनवीशी बुडाली आणि पैजेचा बाजार तरला. पुढें गोल किती होतील म्हणोन कोणी पुसिलें, तर म्हाळोजी जरा सरकोन जागा करीत आणि म्हणत, "बसा, बघूं."