मिशीवरची नथ

दामूकाका फक्त स्वतःचीच चित्रं काढतात आणि त्यांतल्या एकातही ते सापडत नाहीत. अमरावतीत ते आमच्या शेजारी राहतात. पूर्वी शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्या भिंतीवर पहिल्यांदा संत्र्याचं झाड पाहून मी म्हणालो, "झाड छान उतरलंय." काका चिडलेच.

"झाड नाही बाप्पा, मी हाय. खोडातून डिंक गळून राह्यला ना, तो माहा गुडघा."

मी गुडघा शोधत राहिलो. पुढच्या चित्रात कापसाचं बोंड होतं. तेही काकाच. "आजानं पऱ्हाटी पेरली, बापानं पेरली. मंग मी कोन?" मला काय ठाऊक? जास्त विचारलं की "समजाले वेळ लागते," म्हणून ते चहा टाकायला उठतात. त्यांच्या घरातून मी नेहमी गोंधळूनच बाहेर पडतो.

काकू गेल्यावर काकांनी महालक्ष्म्यांचे मुखवटे अकोल्याला मुलाकडे धाडून दिले. यंदा तिथल्याच एका प्रदर्शनासाठी त्यांच्याकडे चित्र मागितलं, आयुष्यात पहिल्यांदा. काकांनी खपून माणसाएवढं चित्र केलं: महालक्ष्मीच्या सांगाड्याला नेसवलेलं काकूंचं हिरवं लुगडं, वर काकांचा चेहरा, मिशीवर नथ. यात काका कोणते आणि काकू कोणत्या, असं मी विचारलं. त्यांनी चहा टाकला.

चित्र न्यायला गाडी यायची होती नेमकी महालक्ष्म्यांच्या दिवशी. हळदीकुंकवाला निघालेली माझी बायको काकांना जेवायचं आवतन द्यायला आत गेली. काकू ज्या कोपऱ्यात महालक्ष्म्या बसवायच्या, तिथंच चित्र वाळत ठेवलं होतं. तिचा हात सवयीनं गेला. ओल्या रंगावर, काकांच्या कपाळी, हळद आणि कुंकू. वाकून नमस्कार केला, मान वर केली, तेव्हा तिला मिशी दिसली.

तिची हाक ऐकून मी धावलो. चित्राला नुसतं बोट लावलं म्हणून काकांनी पोटच्या पोराला घराबाहेर काढलेलं मी पाहिलंय. आज ते त्या कुंकवाकडे बघत उभे होते.

"पुसून देऊ का, काका?" ती रडवेली झाली होती.

"नको, सूनबाई. ती गेल्यावर या घरात पयल्यांदाच कोनी कुंकू लावलं."

गाडी त्यांनी रिकामीच परत पाठवली. मी म्हटलं, "काका, प्रदर्शन?"

"आता कायचं प्रदर्शन? ती इथंच बसली ना." मग बायकोकडे वळून जरा चाचरत म्हणाले, "नैवेद्याले आंबील लागते. ती थोडी आंबट करे. तुले जमन का?"