आमच्या गच्चीवर दुधी धरला

शेती माझ्या रक्तात आहे! शिरवळच्या कंपनीत मशीन चालवत असलो म्हणून काय झालं? "बघच तू," मी बायकोला, सोनियाला, ठणकावून सांगितलं, "ह्या गच्चीवर असा मळा फुलवतो की गल्ली जिना चढून बघायला येईल!"

गल्ली आली नाही. मिरच्यांवर बोकड्या पडून पानं आखडली, वांग्यांना अळीनं गाठलं, कोथिंबीर तर बाहेर येऊन जग बघून परत गेली. राहिला एक दुधीचा वेल. तो मात्र पोलीस भरतीतल्या पोरासारखा पळत सुटला. टाकीवर चढला, डिशच्या अँटेनाला मिठी मारली. पण फळ धरेना! येईल तो बारका दुधी पिवळा पडून गळायचा.

मग कळलं की नर फूल तोडून मादी फुलावर टेकवावं लागतं. रोज संध्याकाळी मी, सोनिया आणि तिसरीतली उत्कर्षा बॅटरी घेऊन फुलं हुडकायचो. आणि एकदाचं फळ धरलं! मला राहवेना. गावाकडं माण तालुक्यात आईला फोन लावला. तिकडं रेंज म्हणजे लहरी पाहुणा, आला तर आला. त्यामुळं 'दुधी' हा शब्द वाटेतच कुठंतरी पडला, हे मला फार उशिरा कळलं.

"आई, धरलं बघ एकदाचं!"

"काय सांगतोस! कवा कळलं?"

"काल. सोनियानंच आधी बघितलं. मागची दोन गळाली, पण हे टिकलंय."

तिकडनं बारीक आवाजात, "दोन गळाली? आन् मला बोलला न्हाईस?"

"आता एवढ्या तेवढ्याला काय फोन करायचा, आई!"

"मुडद्या! बरं, कुणाला दाखीवलं का?"

"शेतीच्या सायबांना फोटो पाठवला. म्हणले, आता अजिबात हात लावू न्हका."

"शेतीचं सायब?... पर बोललं ते बरुबर हाय."

"जुन्या लुगड्याची झोळी बी बांधलीय."

"आरं, आत्ताच झोळी? अपशकुनी मेल्या, सोड ती!"

"सोडली तर पडंल की खाली!"

फोन तुटला.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. पुढं आई, म्हणजे हरणाबाई. मागं आकारामामा आणि भावकीतल्या चार बायका. चिंचा, आवळे, खण-नारळ, तुपाची बरणी, सगळा बाजारच! त्याच वेळी सोनिया लेंडीखताचं पोतं डोक्यावर घेऊन जिना चढत होती, आणि मी मागनं 'हं, चल, चल' करत होतो.

"ठेव! ठेव ते खाली!" आई ओरडली. हातातली पिशवी तिनं माझ्या पाठीत घातली. पिशवीत नारळ होता!

"बायकूच्या डोक्यावर पोतं देतोस? ह्या टायमाला?"

"आवं आत्या, मला काय धाड भरलीय?" सोनिया म्हणाली. पण चार जणींनी तिला धरून खुर्चीत बसवलं, पाठीला उशी लावली, तोंडात आवळा घातला. ती माझ्याकडं बघत होती आणि मी पाठ चोळत होतो.

मामांनी उत्कर्षाला मांडीवर घेतलं. "काय गं, भाऊ पायजे का भण?"

"आमच्याकडं एकच हाय," उत्कर्षा म्हणाली. "बघायचं का? वर टांगलंय."

मामांच्या हातातला चहा धोतरावर सांडला.

सगळी वरात गच्चीवर! अँटेनाखाली लुगड्याच्या झोळीत आमचा दुधी गुमान पडला होता. आईनं झोळीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत झोळीत.

"ह्यो?"

"व्हय... म्हंजे... तुला काय वाटलं?"

एका बाईला हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. सोनियाला सगळा उलगडा झाला तशी ती आवळा थुंकून हसत खालीच बसली. मामा तर कठडा धरून खोकत होते. हसली नाही ती एकटी आई. तिनं नखानं दुधीचा टवका काढला, जिभेला लावला आणि थू करून थुंकली.

"कडू जहर हाय! कुणाला खायाला घालू नगंस."

माझं तोंड दुधीपेक्षा कडू झालं. आई कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं का, ते मला दिसलं नाही.

"आई, चुकलं गं," मी म्हणालो.

"तुझं चुकलं ते चुकलं. म्या गावभर पेढं वाटून आलेय त्याचं काय? देवळात बी सांगितलंय. आता कुठल्या तोंडानं माघारी जाऊ?" तिनं पदरानं नाक पुसलं, माझ्याकडं बघितलं, सोनियाकडं बघितलं. "आता तुमी दोघं काय ते बघा!"

आणि सगळी वरात घेऊन ती खाली गेली.

मी सोनियाकडं बघितलं. तिचं हसणं थांबलं होतं.

"ते राहिलेलं पोतं," ती म्हणाली, "आता तुमी आणा वर."

आणलं मी. गुमान.