लाल अक्षरांतला दंतवैद्य

हिलेवीने सकाळी पान लावायचा प्रोग्रॅम उघडून दिवंगत दंतवैद्य स्वानबेर्ग यांचं नाव टाइप केलं, तर ते लालभडक उमटलं. लाल आणि मुठीएवढं. शिवाय पडद्यावरची टूलबारची पट्टी उजवीकडून उठून डावीकडे जाऊन बसलेली. काल संध्याकाळी तिने सगळं पुन्हा जिथल्या तिथे ठेवलं होतं, गेल्या काही आठवड्यांत कितव्यांदा तरी.

व्हेस्टरविकच्या त्या छोट्या वर्तमानपत्रात निधनवार्तांचं पान वर्षानुवर्षं हिलेवी लावायची. काळी बारीक चौकट, सडपातळ अक्षरं, वर छोटासा क्रूस. गावात कोणी गेलं की घरचे म्हणायचे, हिलेवीकडे द्या, ती नीट पाठवणी करते. आणि आता हे.

तिने सेटिंग पुन्हा लावली, पण घाईत एक ओळ तशीच राहिली. दंतवैद्य लाल अक्षरांत छापखान्याच्या दारापर्यंत जाऊन आला.

संपादक गुनिलाने तिला बोलावून घेतलं. "मी रागावलेली नाहीये," ती म्हणाली. व्हेस्टरविकमध्ये हे वाक्य ऐकलं की माणसाने सावध व्हावं. "पण पुन्हा असं झालं, तर ते पान थोडे दिवस मेल्करकडे देऊन बघू. नुसतं बघू."

मेल्कर समोरच्या टेबलावर बसून खेळांचं पान लावायचा. हिलेवीने त्याच्याकडे चष्म्यावरून नीट पाहिलं. हॉकीच्या बातम्यांना त्याला लाल मथळे लागत. तो सर्वांत शेवटी घरी जाई. आणि तो माऊस डाव्या हाताने चालवत होता. हिलेवीच्या मनात खटला तिथल्या तिथे निकालात निघाला.

दहाच्या कॉफीला सगळे जमले तेव्हा तिने विषय काढला. नाव अर्थातच घेतलं नाही, नाव घ्यायला ती काय रानटी होती?

"कोणीतरी," ती दालचिनीच्या पावाला म्हणाली, "माझ्या मशीनला हात लावतंय."

सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

"कोणाला काही कारण असेल," मेल्कर म्हणाला.

"कोणाला कोणाचं पान हवं असेल."

"कोणाला कोणाचं पान फुकट दिलं तरी नको असेल," मेल्कर म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. हिलेवीला तो कबुलीजबाबच वाटला.

गुनिलाने यावर एक समिती नेमावी का, असं विचारलं. त्यावर पुढच्या कॉफीला चर्चा करायचं ठरलं.

हिलेवी समितीसाठी थांबणारी नव्हती. पाच वाजता तिने सापळा लावला. प्रोग्रॅमचा पडदा तिने भडक जांभळा करून टाकला, वांग्यासारखा, आणि मशीन बंद केलं. चोराला जांभळ्यावर काम करवणार नाही, तो रंग बदलेल, आणि सकाळी पडदा पांढरा दिसला की गुनिलाला दाखवता येईल. मग ती कोरसच्या सरावाला गेली आणि रागाच्या भरात दोन ठिकाणी पट्टी चढवून गायली.

घरी आली तेव्हा नवरा स्टूरे बटाटे सोलून वाट बघत होता. स्टूरे बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाला होता. फारसं बोलत नसे. आज मात्र जेवता जेवता त्याने काटा खाली ठेवला.

"हिलेवी, आपल्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी शिरतंय."

"म्हणजे?"

"मी अक्षरं मोठी करून ठेवतो, कोणीतरी बारीक करतं. लाल करतो, काळी करतं. पट्टी डावीकडे घेतो, पुन्हा उजवीकडे. आज तर हद्द झाली. उघडलं तर सगळं जांभळं." त्याने आवाज खाली आणला. "मला वाटतं, तुझ्या ऑफिसातलं कोणी असावं."

हिलेवीला लख्ख आठवलं. हिवाळ्यात फ्लू झाला तेव्हा तिने घरच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम आपल्या नावाने घेतला होता, आणि ते नाव तसंच चालू राहिलं होतं. सेटिंग मशीनमध्ये नव्हती, नावात होती. बंद करताना जे असेल ते प्रोग्रॅम लक्षात ठेवायचा आणि त्या नावाने कुठेही उघडला की तेच पुढे मांडायचा. आणि स्टूरे डावखुरा होता. ज्या हातातून इतकी वर्षं कॉफी घेतली तो हात कोणता, हे कधी कोण बघतं?

"पण तू करतोस काय त्यावर?"

स्टूरे बटाट्यांकडे वळला.

"लाल अक्षरांत काय लिहितोस, स्टूरे?"

विचारता विचारताच तिला ते कळलं. इमारतीच्या सामाईक लाँड्रीत गेले काही आठवडे निनावी चिठ्ठ्या लागत होत्या. कपडे सुकवायच्या ड्रायरच्या जाळीत अडकलेला तंतूंचा कचरा न काढणाऱ्यांच्या आईवडिलांचाही त्यांत लाल अक्षरांत उद्धार केलेला असे. सोसायटीची अध्यक्ष हिलेवीच. त्या लेखकाला शोधून काढीन, असा शब्द तिने भर बैठकीत दिला होता.

"कोणी ऐकतच नाही," स्टूरे हळूच म्हणाला. "मी दिवसभर घरी असतो. ती जाळी मीच साफ करतो."

तिला खरं तर ओरडायचं होतं. पण दिवसभरात त्याच्या वाट्याला ती जाळी तेवढी येते, हे तिला आजच कळलं, आणि कळल्याचं वाईट वाटलं.

"लिही," ती म्हणाली. "पण माझ्या सेटिंगला हात लावायचा नाही. मी ठेवीन तशीच. शप्पथ घे."

स्टूरेने शपथ घेतली, डावा हात वर करून.

दुसऱ्या दिवशी हिलेवीने ऑफिसात हिरव्या बदामी लेपाचा केक नेला आणि मेल्करसमोर ठेवला.

"कोणाचा तरी गैरसमज झाला होता."

"कोणीतरी मोठा तुकडा घेणार आहे," मेल्कर म्हणाला. समितीचा विषय तिथेच संपला, आणि निधनवार्तांचं पान हिलेवीकडेच राहिलं.

त्या आठवड्यात लाँड्रीत नवी चिठ्ठी लागली. काळी बारीक चौकट, वर छोटा क्रूस, आणि खाली सडपातळ अक्षरांत एवढंच: "ड्रायरची जाळी आजही कोणी साफ केली नाही." लोक कपड्यांच्या टोपल्या खाली ठेवून गप्प उभे राहिले. तळमजल्यावरच्या उल्लाने चिठ्ठीखाली एक मेणबत्ती आणून लावली. त्या दिवसापासून जाळी आरशासारखी स्वच्छ राहू लागली.

सोसायटीच्या बैठकीत उल्लानेच विषय काढला. "हिलेवी, त्या चिठ्ठीवाल्याचा शोध आता थांबव. आधीचा माणूस रागीट होता, तो गेला असावा. हा जो नवा आहे ना, तो फार दुःखात आहे बिचारा."

सगळ्यांनी माना हलवल्या. हिलेवीनेही हलवली. शेजारून स्टूरेने डाव्या हाताने तिच्यापुढे कॉफी सरकवली.